निम्मा वाटा

"ताई, ह्यात परक्याचा एक थेंबसुद्धा नाही."

बोलणाऱ्या बाईचं तोंड राजमतीला आता आठवत नव्हतं. साडी कुठल्या रंगाची होती, तेही नाही. आवाज तेवढा मागं राहिला होता, सायीसारखा मऊ, कसलीच घाई नसलेला. सतरा वर्षांपूर्वी एका पांढऱ्याशुभ्र खोलीत टेबलापलीकडून तो आवाज बोलत होता आणि हे वाक्य बोलताना जरा खाली झुकला होता, मैत्रीण गुपित सांगताना झुकते तसा. परक्याचा एक थेंबसुद्धा नाही. तुम्ही आणि तुमचं बाळ, बास.

एरवी तो वर्षातून एकदा-दोनदा यायचा. कणीक मळताना, मळ्यात पान खुडताना. यायचा आणि जायचा. गेले अकरा दिवस मात्र तो उशाशीच येऊन बसला होता, कारण तिची लेक ऋजुता मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात तापानं फणफणत पडली होती.

अकराव्या दिवशी सकाळी डॉक्टर नौशीन मुजावर यांनी राजमतीला एकटीलाच आत बोलावलं.

बाहेर व्हरांड्यात मगदुमांची अख्खी भावकी बसली होती. पोरीला कुणाच्या तरी रक्तातल्या पेशी द्याव्या लागतील, एवढी बातमी मालगोंडवाडीत पोचली मात्र, राजमतीच्या थोरल्या नणंदेनं, अक्कानं, गाडी भरून माणसं आणली. चुलते, पुतणे, भावजया. सगळ्यांच्या बाह्या वर. त्यांच्या मधोमध राजमतीचा नवरा भरतेश बसला होता. त्याचं रक्त कालच तपासायला गेलं होतं, तरी त्याचीही बाही वरच होती.

"घेऊ दे की किती लागंल तेवढं," अक्का म्हणत होती. "आमच्या पोरीला आमचंच चालणार. मगदुमांचं रक्त हाय, बाजारचं न्हवं."

"माझं आधी घ्या," बापूकाका म्हणाले.

"काका, तुमचं वय सत्त्याहत्तर. तुमचं घेतलं तर परत तुम्हालाच द्यावं लागंल."

सगळे हसले. राजमतीही हसली. हसता हसता तिला वाटलं, ही सगळी माणसं उघड्या दंडानं एका दारापुढं बसलीत आणि त्या दारामागं त्यांचं काहीच नाही. हे फक्त तिलाच ठाऊक आहे. पदर सावरून ती आत गेली.

डॉक्टरांच्या भिंतीवरच्या पडद्यावर रंगीत मण्यांच्या दोन माळा उजळल्या होत्या.

"वरची तुमची," डॉक्टर म्हणाल्या. "खालची ऋजुताची. लेकीची माळ आईच्या माळेशी निम्मी जुळते. निम्मीच जुळायला हवी. ह्यातला मणी न् मणी जुळतोय."

राजमती माळांकडं बघत राहिली. निळा, पिवळा, निळा, तांबडा. खालीही निळा, पिवळा, निळा, तांबडा.

"मी काही विचारणार नाही," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "कायद्यानं मला विचारताही येत नाही. तुम्ही सांगितलंत, तर ऐकेन."



"एकांकुर," राजमती म्हणाली.

सतरा वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडला होता, आणि तोही नवऱ्यापुढं नाही, तर अकरा दिवसांच्या ओळखीच्या बाईपुढं.

तो शब्द तेव्हा सगळ्यांच्या ओठावर होता. बाईच्या दंडाच्या आतल्या बाजूची चिमूटभर कातडी घ्यायची. त्यातली एक पेशी निवडून औषधांनी तिला तिचं कातडीपण विसरायला लावायचं, मागं मागं नेत अगदी पहिल्या दिवसावर आणायचं आणि तिच्यातूनच गर्भ वाढवायचा. पुरुषाचं बीज नाही, कुणाचंच नाही. जन्माला येणारी मुलगी म्हणजे आईच, नव्यानं सुरू झालेली. आठ वर्षं ही केंद्रं गावोगाव चालली आणि मग एकाएकी बंद झाली. अशी मुलं राज्यात चारेक हजार असावीत. कोण कुठली ते गुप्त, पण सुगावा लागला की शाळेत त्यांना 'छापील' म्हणून चिडवत. ऋजुताच्या वर्गात तशी एक मुलगी होती. ऋजुता घरी येऊन तिच्या गमती सांगायची आणि राजमती ताटात आणखी भात वाढायची.

"हे तिला माझ्यामुळं झालं का?" तिनं विचारलं.

डॉक्टरांनी खुर्ची जरा पुढं ओढली.

"तुमच्या पिकावर मावा पडतो ना? थंड मुलखातल्या माव्याचं एक ऐका. सुगीचे दिवस असले की मादीच मादीला जन्म देते. नर नाहीच, नराची गरजच नाही. आणि हिवाळा तोंडावर आला, संकट दिसलं, की मग नर जन्माला येतात, जोड्या जुळतात. आता नर ही निसर्गाला फार महागात पडलेली गोष्ट आहे बघा. निम्मी प्रजा अशी, की जी पोटात पिल्लू धरत नाही. वर शोधाशोध, रुसवे, मारामाऱ्या, लग्नाचे मांडव. आणि एवढं सोसून आईला आपला निम्माच अंश बाळात घालता येतो, निम्मा सोडून द्यावा लागतो. इतका तोटा कशासाठी? मूल व्हावं म्हणून नाही, मूल एकटीलाही होतं. मूल आपल्यापेक्षा वेगळं व्हावं म्हणून."

"वेगळं होऊन काय करायचं?"

"जगायचं. शास्त्रज्ञांचे ह्यावर अजून वाद आहेत, कारणं एकाहून जास्त असतील. पण त्यातलं एक कारण तुमच्या लेकीच्या खाटेवर पडलंय." डॉक्टरांनी माळांकडं बोट केलं. "हे मणी म्हणजे शरीराची कुलपं समजा. रोगाचा जंतू आपल्यात राहतो, तासातासाला त्याची नवी पिढी होते, आणि प्रत्येक पिढी कुलपांना चाव्या लावून बघते. वर्षानुवर्षं एकाच अंगात राहिला की त्या अंगाच्या सगळ्या चाव्या त्याच्याजवळ जमतात. मग तो आईकडून बाळात जातो. तिथं निम्मी कुलपं बापाची, नवी. जंतू पुन्हा चाव्या शोधायला लागतो आणि तेवढ्यात बाळाचं शरीर त्याला गाठतं. बापाकडून बाळाला काय मिळतं म्हणाल, तर सवड."

"आणि ऋजूला..."

"तिला सवड मिळाली नाही."

मुरता ताप घरोघर आला होता, पाच वर्षांपूर्वी. आला, आठ दिवस राहिला, आणि कुणाकुणाच्या अंगात तसाच मुरून बसला. राजमतीच्या अंगात तो मुरला होता, तिला न छळता. आता तो लेकीत उतरला होता आणि त्याच्या हातात सगळ्या चाव्या तयार होत्या. हाडांतली मज्जा तो पोखरत चालला होता.

"त्याच वर्षी सरकारनं आवाहन केलं होतं," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाल्या. "एकांकुर मुलांची नोंद करा, आम्ही आधीच बंदोबस्त करतो म्हणून. नावं गुप्त ठेवणार होते."

"ठाऊक आहे."

"नाही आलात."

राजमती गेली होती. दात तपासायचेत म्हणून ऋजुताला घेऊन तालुक्याच्या शिबिराच्या फाटकापर्यंत गेली होती. आत टेबलाशी नावं लिहून घेणारी परिचारिका अक्काच्या जावेची सून निघाली. तिनं वर बघायच्या आत राजमती मागं फिरली. कोपऱ्यावर पोरीला भडंगाचा पुडा घेऊन दिला, आणि दोघी खात खात बसनं घरी आल्या. पोरगी खूश होती, दात न तपासता सुटली म्हणून.

हे तिनं डॉक्टरांना सांगितलं नाही. "नाही आले," एवढंच म्हणाली.

"बरं. आता पुढचं बघू. उपाय आहे, आणि तो तुमच्या घरातच आहे." डॉक्टर म्हणाल्या, "भरतेशअण्णांना तो ताप तुमच्याकडूनच गेला, हाच जंतू. त्यांच्या शरीरानं त्याला मुळासकट उपटून टाकलं. त्यांच्या लढाऊ पेशी ह्याला नावानिशी ओळखतात आणि त्यांची कुलपं ह्याला अनोळखी आहेत. त्या पेशी पाहिजेत. दुसऱ्या कुणाच्या चालणार नाहीत. बाहेर बसलेल्या गाडीभर माणसांच्याही नाहीत."

"मग घ्या की. ते तर कालपासून..."

"तिथंच अडचण आहे. बाप म्हणून दिल्या, म्हणजे निम्म्या जुळतात असं धरून दिल्या, तर तिचं अंग आणि त्या पेशी एकमेकांवर तुटून पडतील. परका दाता म्हणून घ्यायच्या तर रीत वेगळी. दहा दिवस तिचं अंग तयार करायचं, आणि त्यांची मज्जा दोनदा काढायची, भूल देऊन. त्यांच्याही जिवाला थोडा धोका आहे. तो त्यांनी समजून-उमजून पत्करायला हवा. अर्जात रुग्णाशी नातं लिहायचा रकाना असतो आणि तिथं खरं लिहावं लागतं." त्यांनी एक कागद पुढं सरकवला. "मी त्यांना सांगू शकत नाही. ते तुम्हालाच सांगावं लागेल. उद्या दुपारी चारच्या आत. त्यानंतर द्यायचं म्हटलं तरी उपयोग होणार नाही."

कागद घडी घालून राजमतीनं पिशवीत ठेवला. बाहेर आल्यावर अक्कानं विचारलं, "काय म्हणाल्या गं?"

"उद्या सांगणार आहेत," ती म्हणाली.

खोटं किती सहज येतं, हे तिला नव्यानं कळायचं राहिलं नव्हतं.

ऋजुता जागी होती. ओठ सुकले होते, पण बोलायची हौस तशीच.

"आई, माझ्या तोंडाकडं असं बघू नको. आरशात डाग दिसल्यासारखं करतेस तू."

"गप पड. पाणी पी."

"अप्पांना म्हणावं मळ्यात जा. इथं बसून माझा ताप उतरत नाही, तिकडं रोपं तेवढी वाळतील." तिनं डाव्या हातानं पेला धरला. "काल सांगत होते नर्सबाईंना, आमची लेक डावरी, आमच्या घराण्यात सगळी कर्ती माणसं डावरी. म्हटलं अप्पा, तुम्ही तर उजवे. तर म्हणाले, मी कुठं कर्ता आहे."

राजमती डावरी होती. लहानपणी आईनं हातावर चिमटे काढून तिला उजव्या हातानं जेवायला शिकवलं होतं. ते भरतेशला माहीत नव्हतं.

भरतेश असा पोरीत स्वतःला शोधत आला होता. बारशाच्या दिवशी तर सगळं घरच शोधायला बसलं होतं. कुणी म्हणालं नाक बापाचं, कुणी म्हणालं कपाळ आजोबांचं. अक्कानं पाळण्याची दोरी धरली आणि तिच्या त्या जाड्याभरड्या, पण सुरात पक्क्या आवाजात ओवी काढली:

वेलीला गं आलं पान, पान दोहींकडं हिरवं
निम्मं लेणं गं बापाचं, निम्मं आईचं मिरवं

बायांनी ओवी उचलून धरली. भरतेश दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. राजमतीनं तेव्हा मान खाली घातली होती आणि बायांना वाटलं, बाळंतीण लाजली.

पुढं पोरगी मोठी होत गेली तशी आईचं रूप इतकं ओतीव उतरलं, की बापाला शोधायला जागा उरेना. तरी त्यानं सोडलं नाही. "कानाची पाळी बघ. ही पाळी मगदुमांचीच." रविवारी पोरीचं डोकं मांडीवर घेऊन तो तिच्या कानाची पाळी दोन बोटांत धरून बसायचा. राजमती स्वयंपाकघरातून ते बघायची आणि मनाशी म्हणायची, त्यांच्या सुखासाठीच तर केलं. हे तिनं मनाशी इतक्यांदा म्हटलं होतं, की ते आता खऱ्यासारखं गुळगुळीत झालं होतं.

त्या संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून दोघं दवाखान्याच्या उपाहारगृहात बसली. जैनाघरचं जेवण, कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य, म्हणून अक्कानं घरून डबा मागवला होता. भरतेशनं भाकरी मोडली आणि तशीच हातात धरून बसला.

"मी जुळेन ना गं?" तो म्हणाला. "भीती वाटते. बापाचंच जुळलं नाही तर काय करायचं?"

हीच वेळ होती. तिनं तोंड उघडलं.

"आमटी घ्या," ती म्हणाली. "गार होतेय."

दुसऱ्या दिवशी पहाटेच भरतेश मळ्यात गेला. लेकीनं धाडलं होतं. उजाडल्यावर पिशवीत कागद घेऊन राजमती पहिल्या बसनं मालगोंडवाडीला निघाली. दवाखान्यात भावकी होती, अक्का होती. हे बोलायला कुणी नसलेली एकच जागा तिला ठाऊक होती.

पानमळ्याच्या कडेला तिनं चपला काढल्या. मळ्यात अनवाणीच जायचं, मोठ्यानं बोलायचं नाही, ही तिकडची रीत. एके काळी आत शिरलं की डोक्यावर हिरवा मांडव असायचा, शेवरीच्या सरळसोट झाडांवर चढलेल्या कपुरी पानवेलींचा. आता चार वाफ्यांपुरतीच हिरवळ होती. बाकी नुसत्या शेवऱ्या उभ्या होत्या.

तीन वर्षांपूर्वी मर रोग आला तेव्हा निम्मा मळा गेला होता. शेजारचे म्हणाले, बाहेरून दुसऱ्या जातीचं बेणं आण. भरतेशनं ऐकलं नाही. ह्या मळ्यात परकी वेल कधी लागली नव्हती. पणजोबांनी लावलेल्या वेलीचाच तुकडा खोवायचा, त्यातून वेल, त्या वेलीचा पुन्हा तुकडा. ह्या वेलीला बी धरत नाही, सगळ्या एकाच लिंगाच्या. शंभर वर्षं एकच वेल मळाभर पसरलेली, असंच म्हणायचं. त्यानं उरलेल्या चांगल्या वेलींचे तुकडे मोठ्या भक्तीनं मेलेल्यांच्या जागी लावले आणि पुढच्या पावसाळ्यात उरलेला मळाही गेला. तेव्हा तो बांधावर बसून राजमतीला म्हणाला होता, "सगळं एकाच अंगाचं. एकाला लागलं ते सगळ्यांना लागणारच. मला कळायला पाहिजे होतं." ती त्याच्या शेजारी बसली होती आणि एक शब्द बोलली नव्हती. आता हे चार वाफे दुसरीकडून आणलेल्या बेण्याचे होते. त्यानं मान तुकवली होती.

तो लव्हाळ्यानं वेल बांधत होता. तिला बघून दचकला.

"ऋजूला काय..."

"बरी आहे. म्हणजे आहे तशी आहे. खाली बसा जरा."

"एवढ्या दोन ओळी बांधतो, मग दोघं जाऊ."

"बसा, अहो."

तो बसला. हातात लव्हाळ्याची पेंडी तशीच. तीही समोर मातीत बसली.

"ऋजूला तुमच्या पेशी लागणार आहेत. तुमच्याच. दुसऱ्या कुणाच्या नाही."

त्याचा चेहरा एकदम उजळला. तो उजेड तिला बघवेना. तिनं मातीकडं बघितलं.

"मी म्हणालो नव्हतो? अगं, मग चल की, इथं बसून काय..."

"बाप म्हणून नाही लागणार."

"मग?"

"आपण केंद्रात गेलो होतो त्या वर्षी. तुमचा रिपोर्ट माझ्या फोनवर आला होता. मी तुम्हाला म्हटलं, दोघांतही थोडं थोडं कमी आहे, उपचारानं होईल. तसं नव्हतं. तुमच्यात बीज नव्हतं. एकही नाही."

तो लव्हाळ्याची काडी बोटाभोवती गुंडाळत राहिला. बोटाचं टोक पांढरं झालं. त्यानं विचारलं, "म्हणजे ऋजू?"

"तुमची नाही."

वर शेवरीवर कुठलासा पक्षी पंख झाडत होता. भरतेशनं काडी सोडवली. बोटात हळूहळू रक्त परत आलं.

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"मला. आणि काल डॉक्टरांना कळलं."

"अक्काला?"

"नाही."

"पोरीला?"

"नाही."

त्यानं मान हलवली. मग परत हलवली, जणू कुणीतरी त्याला तेच पुन्हा सांगत होतं. ती वाट बघत राहिली, ओरडण्याची, उठून जाण्याची. तो म्हणाला, "पेशी लागणार म्हणालीस. कशा?"

तिनं सगळं सांगितलं. दोनदा भूल, दहा दिवस, त्याच्या जिवाचा धोका, चार वाजायची मुदत. पिशवीतून कागद काढला. त्यानं हात धोतराला पुसले, कागद गुडघ्यावर पसरला आणि ओळीखाली बोट ठेवून वाचत गेला. एका रकान्याशी बोट थांबलं.

"दात्याचं रुग्णाशी नातं," त्यानं वाचलं. "इथं काय लिहू?"

"'नाही' असं लिहा."

दोनच अक्षरं. पण ती लिहायला त्याला फार वेळ लागला. खाली सही केली. पानाच्या डिंकानं काळवंडलेल्या अंगठ्याचा ठसा कागदाच्या कोपऱ्यावर उमटला. त्यानं कागद घडी करून तिच्या हातात दिला आणि तिचा हात सोडलाच नाही.

"सतरा वर्षं तू हे एकटीनं वागवलंस," तो म्हणाला. "माझी मान खाली जाऊ नये म्हणून. दुसरी कुणी असती तर भावकीत बोभाटा झाला असता, मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. तू ते पोटात ठेवलंस. आणि मी येडा पोरीच्या कानाच्या पाळ्या बघत बसलो."

"असं नका म्हणू."

"म्हणू दे. ज्या कुणी बाबानं दिलं असेल त्याचंही बरं होवो. त्याचं नाव देत नसतील ना?"

"नाही देत."

"देऊ नये. मला राग नाही त्याचा. त्यानं एवढी पोर दिली." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "ऋजूला आत्ता काही सांगू नकोस. बरी झाल्यावर मी सांगेन. म्हणेन, तुझ्या आईनं माझ्यासाठी केलं. त्यात तुझा कमीपणा नाही, माझा आहे. चल, ऊठ."

तो उठला. मळ्याच्या कडेशी जाऊन त्यानं चपला उचलल्यासुद्धा. कागदावर सही झाली होती. चारच्या आत तो दवाखान्यात पोचणार होता. ह्यापुढं तिला कुणी काही विचारणार नव्हतं, आणि तिच्या नावानं घरात आता एक चांगली गोष्ट सांगितली जाणार होती. तिनं फक्त उठून त्याच्यामागं चालायचं होतं.

तिला उठता येईना.

"अहो," तिनं हाक मारली. "कुणी बाबा नव्हता."

तो वळला.

"कुणीच नव्हतं. ऋजू म्हणजे मीच आहे. एकांकुर. त्यांनी मला आधी दुसरं सुचवलं होतं. म्हणाले, नवऱ्याच्या भावाचं चालेल. सुकुमारभावजींचं घेतलं असतं तर पोरगी तुमच्या रक्ताची झाली असती, कानाची पाळीसुद्धा आली असती तुमची. मी नको म्हटलं. लगेच. त्या बाईला वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही."

भरतेश उभा होता. अनवाणी, चपला हातात.

"तुमच्यासाठी केलं नाही मी ते. रोज म्हणत आले की तुमच्यासाठी केलं, पण नाही. तुमचा रिपोर्ट वाचला तेव्हा मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मला बरं वाटलं. माझं म्हणून काही नव्हतंच कधी. नाव आजीचं, पुस्तकं बहिणींची, तुमच्या घरात खोलीसुद्धा अर्ध्या पडद्याची. वाटलं, हे एक तरी कुणाला वाटून द्यायला नको. तुम्ही तिच्या तोंडात स्वतःला शोधत होता ना, तेव्हा मी आत उभी राहून मनातल्या मनात हसत होते. पुढं पोरांची नोंद करायला सांगितली तेव्हा फाटकापर्यंत जाऊन परत आले, ते तुमची अब्रू जाईल म्हणून नाही. ती पोर सगळी माझी आहे, हे उघडं पडेल म्हणून. आज ती पडलीय ती माझ्यामुळं. तुमच्यात कमी होतं म्हणून नव्हे, अहो. मला तुमचं काही नको होतं."